डेकवरची कव्हरं : कशाला घालावीत, कशाला नाही

मुंबई बंदरात शिडाच्या बोटींचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेअखेर संपतो. या आठ महिन्यांत एखादी खासगी बोट शिडं उभारून चालते ती शनिवार-रविवारी, एखाद्या शर्यतीला, फार तर मांडव्यापर्यंतच्या फेरीला. उरलेला सगळा वेळ ती मुअरिंगला बांधलेली असते आणि भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवत दिवसभर ऊन खाते. डेकवरच्या सामानाची बरीचशी खराबी याच उभं राहण्याच्या काळात होते. त्यामुळे विंच, कंपास, हॅच, टर्नबकल अशा एकेका वस्तूला कापडी कव्हर शिवून घ्यावं का, त्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न बोटवाल्यांच्या गप्पांत दर हंगामात निघतो.

दोन मतं कायम ऐकू येतात. एक म्हणतं, उघड्यावर पडलेली वस्तू लवकर जाते आणि झाकलेली टिकते, यात विचार करण्यासारखं काय आहे? दुसरं म्हणतं, कव्हराखाली ओल कोंडते, धातू सडतो, आणि कव्हर काढण्या-घालण्यात वेळ जातो तो वेगळाच. दोन्ही बाजूंकडे दाखवायला नमुने असतात. एकाकडे कव्हरामुळे लख्ख राहिलेला कंपास असतो, तर दुसऱ्याकडे कव्हराखाली पांढरी पूड धरलेला ॲल्युमिनियमचा विंच. दोन्ही नमुने खरे असतात. घोळ होतो तो डेकवरच्या सगळ्या सामानाला एकच उत्तर लावल्यामुळे. माझ्या मते प्रत्येक वस्तूबाबत आधी एवढंच विचारावं की हिला नेमकं काय मारतं : ऊन, मीठ, की तिच्याकडे वेळेवर न पाहणं? उन्हानं मरणाऱ्या वस्तूला कव्हर हवंच. मिठानं मरणाऱ्या वस्तूला ते काही अटींवर द्यावं. आणि जिच्यावर सतत नजर हवी तिला झाकणं सरळ धोक्याचं आहे.

आधी मीठ घेऊ, कारण आपल्या किनाऱ्यावर त्याचं गणित युरोपपेक्षा वेगळं आहे आणि ते लक्षात न घेता तिकडचे सल्ले इकडे वापरले जातात. इंग्लंड किंवा उत्तर फ्रान्सच्या बंदरांत वर्षभर अधूनमधून पाऊस पडतो आणि डेकवर वाळलेलं मीठ धुऊन नेतो. तिथला जुना माणूस ‘विंच उघडाच ठेवा, पाऊस त्याचं काम करेल’ असं सांगतो, तेव्हा ते त्याच्या हवेपुरतं बरोबर असतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो खरा, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात, म्हणजे बोटी बाहेर काढून ठेवलेल्या असतात तेव्हा. बोट पाण्यात असते त्या महिन्यांत आकाशातून गोडं पाणी फारसं येतच नाही. प्रत्येक फेरीत उडालेले तुषार डेकवर वाळतात, त्यावर पुढच्या फेरीचे वाळतात, आणि त्यात बंदराची धूळ, काजळी आणि घारी-कावळ्यांची घाण मिसळते.

वाळलेलं मीठ निरुपद्रवी वाटतं, पण ते वाळलेलं राहत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून आपोआप विरघळतं. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तर ३३ टक्के आर्द्रता पुरते, म्हणजे ते मुंबईत क्वचितच पूर्ण कोरडं होत असेल. परिणाम असा की दुपारी पांढऱ्या पापुद्र्यासारखं दिसणारं मीठ पहाटेपर्यंत पुन्हा खारट पाण्याचा थर झालेलं असतं. उघड्या धातूवर हा थर सकाळच्या उन्हानं आणि वाऱ्यानं दोन तासांत सुकतो. कव्हराखाली तोच थर दुपारपर्यंत, आणि कव्हर रेक्झिनचं असेल तर दिवसभर, ओला राहू शकतो. ‘कव्हरानं धातू सडतो’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं इथे खरं ठरतं. मात्र तिथे आधीपासून मीठ होतं म्हणून ते खरं ठरतं.

स्टेनलेस स्टील न गंजण्याचं कारण त्यातलं क्रोमियम. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतं आणि तो ओरखडला तर पुन्हा धरतं. बोटींवर ३१६ जातीचं स्टील वापरतात. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे ते क्लोराइडपुढे घरगुती भांड्यांच्या ३०४ पेक्षा बरंच जास्त टिकतं. पण ऑक्सिजन पोचत नाही आणि खारं पाणी साचून राहतं अशा फटीत ३१६ सुद्धा हरतं. पापुद्रा दुरुस्त होऊ शकत नाही आणि बारीक खोल खड्डे पडायला लागतात. ओलं, मिठानं भरलेलं कापड धातूला घट्ट गुंडाळून ठेवणं म्हणजे अशी फट मुद्दाम तयार करणं आहे. ॲल्युमिनियमची तऱ्हा थोडी वेगळी, पण निष्कर्ष तोच. वरचा ॲनोडायझिंगचा थर दोरानं घासून एकदा गेला की ओल्या मिठाखाली पांढरी पूड सुटू लागते.

आता विंच. कव्हरांबद्दलचा वाद निघतो तो बहुतेक वेळा विंचवरूनच, आणि डेकवरची बहुधा सर्वांत महाग वस्तूही तीच असते. विंच म्हणजे डेकवर उभा बसवलेला धातूचा ढोल. शिडाला ताणून धरणाऱ्या दोराचे, म्हणजे शीटचे, तीन-चार वेढे त्याभोवती घेऊन हँडल फिरवलं की माणसाच्या ताकदीच्या कितीतरी पट ओढ मिळते. ढोल क्रोम चढवलेल्या ब्राँझचा, ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा असतो. हार्केन, ल्यूमार, अँडरसन ही नावं आपल्याकडच्या बोटींवरही दिसतात. सामान परदेशातून येतं, त्यामुळे एखादा सुटा भाग मिळवायलाही आठवडे जातात.

विंच उघडून पाहिला की कव्हराचं खरं काम काय आणि त्याच्या आवाक्याबाहेरचं काय, ते कळतं. वरची रिंग किंवा स्क्रू काढून ढोल सरळ वर उचलायचा असतो. रोलर बेअरिंगचा पिंजरा ग्रीसनं ढोलाच्या आतल्या अंगाला चिकटून वर येतो आणि मध्येच सुटून डेकवर, तिथून पाण्यात जातो. म्हणून जाणती माणसं पुठ्ठ्याच्या खोक्याला विंचच्या मापाचं भोक पाडून ते भोवती बसवतात आणि मगच ढोलाला हात लावतात. आत मधला दांडा, दातेरी चक्रं आणि पॉल असतात. पॉल म्हणजे ढोलाला एकाच दिशेनं फिरू देणारे छोटे खटके, प्रत्येकामागे नखाएवढी स्प्रिंग. हंगामभर न उघडलेल्या विंचमध्ये जुनं ग्रीस, मीठ आणि बंदराची काळी धूळ यांचा चिकट राप बसलेला असतो. बोटानं दाबलेला खटका टक्कन परत यायला हवा, तो या रापातून सुस्तपणे सरकतो, कधी अर्ध्यावरच थांबतो. जोराच्या वाऱ्यात शीटवर पूर्ण ताण असताना खटका असा अडकला तर ढोल उलटा सुटतो आणि हँडल हातावर आदळतं. मनगट मोडायला तेवढं पुरतं.

या रापातली धूळ बरीचशी बोट उभी असताना, वरच्या हँडलच्या भोकातून आणि ढोलाखालच्या फटीतून आत जाते. ती कव्हर थांबवतं. सेल्फ-टेलिंग विंचच्या वरच्या बाजूला दोर पकडणारे जबडे असतात. त्यांच्यातले प्लॅस्टिक-रबराचे भाग उन्हानं कडक होतात, तेही कव्हर वाचवतं. पक्ष्यांची घाण थांबते. भर दुपारी काळा ढोल हाताला चटका देण्याइतका तापतो, तेही टळतं. पण रापातलं मीठ आत जातं ते बोट चालताना, तुषार अंगावर घेताना. त्या वेळी कव्हर केबिनमध्ये असतं. परत आल्यावर ते चढवलं की त्यानं मीठ अडवलेलं नसतं, आत कोंडलेलं असतं.

म्हणून विंचच्या कव्हराची किंमत ठरते ती कव्हर चढवण्यापूर्वीच्या पाच मिनिटांवर. मुअरिंगला आल्यावर प्रत्येक विंचवर लिटरभर गोडं पाणी ओतायचं, हँडलच्या भोकातही ओतायचं. विंचच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात, ती तुंबली नाहीत ना ते पाहायचं. ढोल दोन्ही हातांनी दहा-वीस वेढे फिरवायचा, फडक्यानं पुसायचा आणि मग कव्हर घालायचं. धक्क्याला लागणाऱ्या बोटींना तिथेच नळ असतो. आपल्या बहुतेक शिडाच्या बोटी मुअरिंगवर असतात, त्यामुळे गोडं पाणी कॅनमध्ये भरून डिंगीतून न्यावं लागतं. इथेच कंटाळा येतो आणि इथेच सगळं बिघडतं. पण वीस लिटरचा एक कॅन तीस फुटी बोटीच्या सगळ्या विंचना पुरून उरतो. जिथे हे होतं तिथे विंचला कव्हर जरूर घालावं. जिथे होत नाही आणि होण्याची शक्यताही नाही, तिथे विंच उघडा ठेवलेला बरा, निदान वाऱ्यानं सुकतो तरी. दोन्ही परिस्थितींत वर्षातून एकदा, जमलं तर हंगामाच्या मध्यात आणखी एकदा, तो उघडून रॉकेलनं धुवावा. बेअरिंग आणि चक्रांना विंचचं पातळ थराचं ग्रीस, पॉलना मात्र फक्त हलकं तेल द्यावं, कारण पॉलना ग्रीस फासणं म्हणजे राप धरायला आमंत्रण. या कामाला कव्हर हा पर्याय होऊ शकत नाही.

कप्प्यांबद्दल थोडक्यात. आजकालच्या बॉल-बेअरिंगच्या ब्लॉकमध्ये डेलरिन किंवा टॉरलॉन या प्लॅस्टिकचे गोळे असतात आणि त्यांना तेल-ग्रीस काही लागत नाही, गोड्या पाण्याची धार पुरते. अशा ब्लॉकला एकेक कव्हर शिवणं व्यर्थ आहे. कॅम क्लीट आणि दोराचे क्लच यांचंही तसंच. दोराची टोकं कॉकपिटमध्ये गुंडाळून जाळीच्या पिशवीत टाकली, तर दोरही वाचतो आणि क्लचवरचा पसाराही जातो.

ज्यांना कव्हर घालूच नये, त्या यादीत माझ्या मते पहिलं नाव टर्नबकलचं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा डेकला जिथे येऊन मिळतात तिथे हे पिळाचे ताणे असतात. त्यांच्यातल्या कॉटर पिनची टोकं शीड फाडतात, पाय ओरबाडतात, म्हणून लोक त्यावर चामड्याचं किंवा प्लॅस्टिकचं मोजं चढवतात किंवा चिकटपट्टी गुंडाळत सुटतात. हेतू रास्त आहे. पण आत खारं पाणी झिरपतं आणि तिथेच राहतं. त्याहून वाईट म्हणजे तारेचं टोक ज्या नळीत दाबून बसवलेलं असतं, त्या नळीवरची केसाएवढी उभी चीर आणि तिथला तांबूस डाग आता कुणाला दिसत नाही. उष्ण कटिबंधात या नळ्या खालच्या टोकाला जास्त लवकर जातात, कारण तारेवरून ओघळणारं खारं पाणी नळीच्या वरच्या तोंडातून आत उतरतं. ती चीर वेळेवर दिसली तर एक तार बदलावी लागते. दिसली नाही तर डोलकाठी जाते. पिनची टोकं नीट वाकवून त्यांच्यापुरती चिकटपट्टीची एक-दोन वेढ्यांची पट्टी लावावी आणि बाकी सगळं उघडं ठेवावं. ती पट्टीही दर हंगामात काढून खाली पाहावं.

या बाबतीत नियमांनीही स्पष्ट बाजू घेतली आहे. डेकच्या कडेला माणूस पडू नये म्हणून ताणलेल्या लाइफलाइनवर पूर्वी सर्रास पांढऱ्या पीव्हीसीचं आवरण असे. हाताला मऊ लागे आणि दिसेही छान. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या खुल्या समुद्रातल्या शर्यतींसाठीच्या सुरक्षा नियमांनी तारेच्या लाइफलाइनवर असं आवरण किंवा घट्ट बसणारी नळी चालणार नाही, तार उघडीच हवी, असं बंधन घातलं आहे. प्लॅस्टिकच्या आत तार कुजते आणि बाहेरून ती अगदी नवी दिसते. वादळात अख्ख्या अंगाचा भार जिच्यावर जाणार, तिच्याबाबत तरी दिसण्याला महत्त्व देऊ नये. आपल्या बंदरात शर्यतीबाहेरच्या कितीतरी बोटींवर अजून पीव्हीसीवाल्या लाइफलाइन आहेत. त्या बोटींच्या मालकांनी कव्हरांचा विचार करण्याआधी तिथलं प्लॅस्टिक टोकाशी चिरून आतली तार पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऊन ज्यांना मारतं, त्यांच्या बाबतीत वादाला फार जागा नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत दुपारचा अतिनील निर्देशांक निरभ्र दिवशी ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ११ च्या पुढे अतितीव्र अशी एकच पायरी आहे. हे ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन खालूनही येतं. कंपासचा पारदर्शक घुमट अशा उन्हात धुरकटतो, पुढे त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि आतला आकडा वाचता येत नाही. कंपासबरोबर बहुधा कारखान्याचं कव्हर येतंच, ते हरवलं तर त्याच दिवशी नवं शिवून घ्यावं. वारा, खोली, जीपीएस दाखवणाऱ्या पडद्यांचंही तेच. प्लॅस्टिकचं साधं पांढरं झाकण त्या उपकरणाच्या किमतीपुढे काहीच नाही. फक्त ते दोरीनं बांधून ठेवावं, कारण नुसतं दाबून बसवलेलं झाकण एखाद्या लाटेला निघून जातं.

हॅच म्हणजे केबिनच्या छतावरच्या ॲक्रिलिकच्या खिडक्या. उन्हानं त्यांच्यातही बारीक भेगांची जाळी धरते, आणि ती ॲसिटोन किंवा अमोनियावाल्या काचपुसणीनं आणखी लवकर धरते. हॅचचं कव्हर दोन कामं करतं. ॲक्रिलिक आणि त्याचं रबर वाचतं, शिवाय केबिन तापत नाही. दुसरा फायदा पहिल्याच दिवशी अंगाला जाणवतो, त्यामुळे हे कव्हर माणसं न विसरता घालतात. माझ्या पाहण्यात डेकवरच्या कव्हरांपैकी सर्वांत नियमितपणे वापरलं जाणारं हेच.

लाकडी सुकाणूचा दांडा हे आणखी एक सरळ उदाहरण. सागवानावरचं वॉर्निश वरून कितीही चकचकीत असलं तरी अतिनील किरण त्यातून आरपार जाऊन लाकडाच्या वरच्या पेशी खातात, वॉर्निशची पकड सुटते आणि ते पापुद्र्यानं निघू लागतं. सीबर्डसारख्या आपल्या बंदरातल्या जुन्या घाटाच्या बोटींवर लाकूड जितकं जास्त, तितकं हे काम मोठं. दांड्याला हातभर लांबीचं पिशवीसारखं कव्हर शिवायला अर्धा तास लागतो आणि त्यानं घासकाम-वॉर्निशची दरसालची एक फेरी नक्की वाचते. कमीत कमी पैशांत सर्वांत जास्त परतावा देणारं कव्हर कोणतं असं विचारलं, तर मी याच्याकडे बोट दाखवेन.

शिडांचा मुद्दा खरं तर डेकच्या सामानात मोडत नाही, पण सोडूनही चालत नाही. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरचंच कापड, आणि ऊन त्याची ताकद हळूहळू खातं. मुख्य शिडाला बूमवर कव्हर असतंच. पुढचं शीड तारेभोवती गुंडाळून ठेवतात, त्याच्या बाहेरच्या कडेला जाड कापडाची एक पट्टी शिवलेली असते. उन्हात तीच जळावी आणि आतलं शीड वाचावं, अशी योजना. पट्टी विरली तर ती बदलावी, नाहीतर पुढच्या हंगामात शीडच बदलायची वेळ येते. केव्हलारसारखे अरामिड दोर ऊन अजिबात सोसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर पॉलिएस्टरचं विणीव आवरण असतंच. डायनिमा त्यांच्या मानानं बरंच तग धरतो.

कव्हर कशाचं आणि कसं शिवलेलं, यावर निम्मं यश ठरतं. मुंबईत कव्हर शिवून घ्यायला माणूस शोधायला निघालं की रिक्षाचे हूड आणि स्कूटरच्या सीटा शिवणारे कारागीर सहज सापडतात. त्यांच्या हाताची सफाई उत्तम असते. कापड मात्र ते त्यांच्या धंद्यातलंच सुचवतात, म्हणजे रेक्झिन. रेक्झिनमधून पाणी आत येत नाही आणि वाफ बाहेर जात नाही. विंचसाठी ते सर्वांत वाईट. निओप्रीनची ताणून बसणारी कव्हरं दिसायला नेटकी, पण तीही ओल धरतात आणि उन्हात स्वतःच लवकर कडक होतात. सुती कॅनव्हास हवा खेळू देतो, पण आपल्या दमट हवेत त्याला बुरशी येते. आज बहुतेक जण ॲक्रिलिक कॅनव्हासवर स्थिरावले आहेत. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं सनब्रेला नावानं हे कापड १९६१ साली बाजारात आणलं ते घर-दुकानांच्या छतांसाठी, पुढे बोटींनी ते उचललं. त्याचा रंग सूत काढण्याआधीच मूळ पदार्थात मिसळलेला असतो, त्यामुळे ऊन वरचा थर खाऊन रंग उडवू शकत नाही. वजन चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. पाणी बरंच अडवतं आणि वाफ बाहेर जाऊ देतं. आपल्याला हेच हवं असतं.

पण कापड टिकतं आणि शिवण जाते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. साधा पॉलिएस्टर धागा कापडाच्या कितीतरी आधी उन्हात कुजतो. कव्हराची कड दोन बोटांत धरून हलकी ओढली की टाके एकामागून एक टरटरत सुटतात, कापड मात्र धडधाकट असतं. पीटीएफईचा धागा, उदाहरणार्थ गोर कंपनीचा टेनारा, महाग पडतो, पण ऊन त्याला जवळजवळ काहीच करत नाही. तो मिळत नसेल तर जाडातला जाड पॉलिएस्टर धागा घ्यावा, शिवण आतल्या बाजूला दुमडून लपवावी आणि ती दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावी लागेल असं धरून चालावं. तळाला इलॅस्टिक नको. ते सर्वांत आधी मरतं आणि मेल्यावर कव्हर वाऱ्यानं कधी उडतं ते कळतही नाही. त्याऐवजी नाडी घालावी आणि तिचं टोक शेजारच्या क्लीटला बांधावं. माप सैल असावं, कापड ढोलाला चिकटू नये आणि खाली डेकपासून दोन बोटं उंच राहावं, म्हणजे हवा खालून शिरते. फार सैल झालं तर वाऱ्यात फडफडून ते क्रोम आणि जेलकोट दोन्ही घासतं. नेमकं माप कागदाचा साचा विंचवर ठेवून कापल्याशिवाय साधत नाही.

पावसाळ्यात सगळा हिशेब बदलतो. बोट आवारात बाहेर काढून ठेवलेली असते आणि प्रश्न एकेका विंचचा न राहता अख्ख्या डेकचा होतो. कोकणातल्या मच्छीमारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या. पूर्वी नारळाच्या झापांनी, आता बहुतेक ठिकाणी ताडपत्रीनं. मधोमध आडवी काठी धरून दोन्हीकडे उतार द्यायचा आणि नाळीच्या व मागच्या टोकाला हवेसाठी वाट मोकळी सोडायची. शिडाच्या बोटींच्या मालकांना मात्र ताडपत्री बोटीला चारी बाजूंनी आवळून बांधण्याची खोड असते. सप्टेंबरात ती सोडली की आतून कुबट वास येतो, केबिनच्या छताला हिरवी बुरशी आणि टर्नबकलवर तांबूस डाग. शाकारणीसारखी ताडपत्री बांधायची असेल तर आधी डेकवरच्या धातूच्या सामानाची छोटी कव्हरं काढून घरी न्यावीत. वर छप्पर असताना आत आणखी टोप्या ठेवण्यात काही साधत नाही. आणि ताडपत्री चढवण्यापूर्वी पहिल्या एक-दोन जोरदार सरी उघड्या डेकवर पडू द्याव्यात. आठ महिन्यांचं मीठ इतकं फुकट आणि इतकं कसून दुसरं कुणी धुणार नाही. विंच उघडून साफ करायचं काम त्या सरींनंतर करावं.

खुल्या समुद्रात जाणाऱ्या बोटींचा अनुभव या वादात कधी कधी ओढला जातो, म्हणून त्याबद्दलही. गोव्यात दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ५६ फुटी म्हादेई २००९ साली नौदलाकडे आली. दिलीप दोंदे यांनी त्याच वर्षी तीवरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेला सुरुवात केली आणि २०१० साली ती चार थांबे घेऊन पुरी केली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी हे कुठेही न थांबता सुमारे पाच महिन्यांत जगाला वळसा घालून आले. त्याच शिपयार्डच्या तारिणीवर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालचं सहा महिला अधिकाऱ्यांचं पथक २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांची प्रदक्षिणा करून परतलं. अशा प्रवासात विंच दिवसरात्र हाताखाली असतो आणि लाटा डेकवरून सतत वाहत असतात. तिथे सामान टिकतं ते रोजच्या पाहणीवर, वेळच्या वेळी केलेल्या तेलपाण्यावर आणि दुरुस्तीवर. त्या बोटींचं उदाहरण देऊन ‘कव्हरं निरुपयोगी’ म्हणणं चुकीचं आहे, कारण त्या चालत असतात आणि आपल्या बोटी उभ्या असतात. पण रोज हात फिरवून पाहण्याची त्यांची सवय मात्र उभ्या बोटीलाही तितकीच लागू पडते.

छोट्या डिंगींना, म्हणजे ऑप्टिमिस्ट, लेझर, ४२० यांना, सुट्या वस्तूंची कव्हरं नकोतच. त्यांना वरून एक अख्खं कव्हर आणि सुकाणू-डॅगरबोर्डसाठी एक मऊ पिशवी पुरते. त्यांचा मोठा शत्रू ऊनच आहे, शिवाय एकमेकांवर आपटणं. क्लबांनी आपल्या मुलांच्या बोटींना हे तेवढं जरूर द्यावं.

कव्हरावर पैसे घालायला निघालेल्या माणसाला मी क्रम असा सांगतो. पहिला पैसा विंच साफ करण्याच्या सामानावर आणि गोड्या पाण्याच्या कॅनवर. दुसरा उघड्या लाइफलाइनवर, जर जुन्या पीव्हीसीवाल्या असतील तर. त्यानंतर सुकाणूचा दांडा, कंपास, उपकरणांचे पडदे, हॅच, या क्रमानं कव्हरं. विंचची कव्हरं सर्वांत शेवटी, आणि तीही एकदम सगळी न शिवता आधी दोनच शिवावीत, समोरासमोरचे दोन विंच उघडे ठेवावेत. मे महिन्यात बोट बाहेर काढल्यावर चारही विंच एकाच दिवशी उघडले की आपल्या बोटीवर, आपल्या मुअरिंगच्या वाऱ्यात आणि आपल्या सवयींत कव्हर उपयोगी पडतं की नाही, ते ग्रीसचा रंग, खटक्यांची हालचाल आणि ढोलाखालची पूड पाहून दिसतं. उरलेल्या दोन विंचांची कव्हरं शिवायची की पहिली दोनही काढून टाकायची, ते त्यानंतर ठरवावं.